मैदानात उतरण्याआधी मनाचीही तयारी हवी

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. त्याच दिवशी दोनदा जगज्जेती ठरलेली निजामाबादची बॉक्सर निखत झरीन चीनच्या वू यू हिच्याकडून हरली आणि पदकाविना परतली.

मेहनतीत दोघांपैकी कोणीच कमी नव्हते. पण खेळ केवळ हातापायांनी खेळला जात नाही. मनालाही सराव लागतो आणि तोही रोजचा, ही गोष्ट आपल्या घरांत फारशी बोलली जात नाही. मूल हरले की आपण सहज म्हणून जातो, 'घाबरला', 'हिंमतच नाही'. जणू हिंमत जन्मतःच मिळते. अशा बोलण्यामुळे कित्येक मुले दोन-चार पराभवांनंतर मैदान सोडतात. मुली तर त्याही आधी.

स्वप्निलचेच पाहा. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत वैयक्तिक अंतिम फेरीत तो आघाडीवर होता. उभ्याने नेम धरताना एका गोळीला ७.६ गुण मिळाले. एका गोळीचे जास्तीत जास्त गुण असतात १०.९. तेवढ्या एका चुकीने तो चौथा आला. दहा महिन्यांनी पॅरिसच्या अंतिम फेरीत पहिल्या टप्प्यानंतर तो पहिल्या तिघांत नव्हता. तरी शेवटी ४५१.४ गुणांसह तिसरा आला. सुटलेली गोळी परत येत नाही, पुढची मात्र आपल्या हातात असते.

निखतची वाट आणखी लांबची. २०११ मध्ये ती ज्युनियर गटात जगज्जेती झाली. २०१७ मध्ये खांद्याच्या दुखापतीने तिला रिंगणापासून दूर ठेवले. डिसेंबर २०१९ मध्ये निवड चाचणीत मेरी कोमकडून हरल्याने टोकियो ऑलिम्पिकची संधी हुकली. मुलीने शॉर्ट्स घालून खेळण्यावर ओळखीच्यांनी नाके मुरडली, पण वडील जमील अहमद तिच्या पाठीशी राहिले. २०२२ मध्ये इस्तंबूलला आणि २०२३ मध्ये दिल्लीला ती जगज्जेती झाली. पॅरिसचा पराभव हा या प्रवासातला एक दिवस आहे, तिची सारी कमाई नव्हे.

मनाची ही ताकद शिकता येते. क्रीडा मानसशास्त्रात वापरली जाणारी काही साधी कौशल्ये तालुक्याच्या स्पर्धेत उतरणाऱ्या मुलालाही जमण्यासारखी आहेत.

पहिले, ध्येय. 'मला जिंकायचेच आहे' हे ध्येय अर्धे प्रतिस्पर्ध्याच्या हातात असते. 'पहिल्या पाच मिनिटांत घाईने चढाई करायची नाही', 'प्रत्येक चेंडू शेवटपर्यंत पाहायचा', हे पूर्णपणे आपल्या हातात असते. सामन्याआधी अशी एक-दोनच कामे ठरवावीत.

दुसरे, श्वास. भीती वाटली की छाती धडधडते, श्वास उथळ होतो, खांदे ताठरतात. अशा वेळी नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि घेतला त्याहून जास्त वेळ लावून सोडावा. असे पाच-सहा वेळा केले की शरीर निवळू लागते. मात्र याचा सराव घरी शांतपणे झालेला हवा. ऐन सामन्यात नवीन काही सुचत नाही.

तिसरे, मनातली उजळणी. डोळे मिटून मैदान, आवाज, पायाखालची माती आणि आपली हालचाल मनात पाहायची. फक्त विजय पाहू नये. चूक झाली आणि आपण सावरलो, हेही पाहावे.

चौथे, स्वतःशी बोलणे. 'चुकू नकोस' म्हटले की मन चुकीकडेच जाते. त्याऐवजी काय करायचे ते सांगावे: 'खांदा सैल', 'नजर चेंडूवर'. चूक झालीच, तर एक खूण ठरवून ठेवावी. हात झटकावेत, बुटाची नाडी घट्ट करावी आणि पुढच्या क्षणाकडे वळावे.

आपल्याला हे परके वाटायला नको. नमाजमध्ये मन भरकटते आणि आपण ते पुन्हा जागेवर आणतो. नमाज सामना जिंकण्यासाठी नसते, ती अल्लाहसाठी असते. पण भरकटलेले लक्ष न चिडता परत आणण्याची सवय ज्याला आहे, त्याला मैदानावरही ते सोपे जाते. बास्केटबॉलपटू हकीम ओलाजुवॉन १९९५ च्या रमजानमध्ये सामन्याच्या दिवशीही रोजे ठेवत होते आणि त्या फेब्रुवारीत ते एनबीएचे महिन्याचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. प्रत्येकाने रोजा ठेवून सामना खेळावा, असे यातून सुचवायचे नाही. ठरवलेल्या नियमाने मन कसे बांधले जाते, एवढेच यातून घ्यावे.

कुस्तीत दुसऱ्याला पाडणारा नव्हे, तर रागात स्वतःला आवरणारा खरा बलवान, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. आधी उंट बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवणही आपण जाणतोच. सराव हे उंट बांधणे आणि निकाल त्याच्यावर सोपवणे हे तवक्कुल. हजरत आयेशा (रजि.) यांच्याशी प्रेषितांनी (स.) धावण्याची शर्यत लावली होती. एकदा त्या जिंकल्या, पुढे एकदा प्रेषित (स.) जिंकले. त्या घरात हार-जीत हसतखेळत स्वीकारली गेली.

आपल्या घरातही तसे वातावरण हवे. हरून आलेल्या मुलाला दारातच जाब विचारू नये. आधी पाणी, जेवण, आराम. सामन्याची चर्चा त्याला करावीशी वाटेल तेव्हा. मामूच्या किंवा शेजारच्या मुलाशी तुलना नको. प्रशिक्षकाच्या सूचनांवर कट्ट्यावरून आपल्या सूचना ओरडून सांगणेही नको, मुलाचे लक्ष दोन्हीकडे फाटते. 'तुझ्यावर एवढा खर्च केला' हे वाक्य तर कधीच नको. ते ओझे घेऊन कोणी मोकळेपणाने धावू शकत नाही.

आणि एक सावधगिरी. सामन्याआधीची धडधड स्वाभाविक आहे. पण मुलाची झोप उडाली, खाणे सुटले, आवडता खेळही नकोसा झाला आणि हे आठवडे चालले, तर 'मन घट्ट कर' म्हणून सोडून देऊ नका. दुआबरोबर डॉक्टरांचा किंवा समुपदेशकाचा सल्लाही घ्या. दुखऱ्या गुडघ्यावर आपण इलाज करतोच ना? मग दुखऱ्या मनावर का नको?

पदक मोजक्यांनाच मिळते. पण हरल्यावर उठणे, राग आवरणे आणि आपले काम नीट करून निकाल अल्लाहवर सोपवणे हे प्रत्येक मूल मैदानावर शिकू शकते. परीक्षेत, नोकरीत, संसारात तेच त्याच्या कामी येईल, इन्शाअल्लाह.