गाढवा-खेचराचं पालाण मापानं शिवा

आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. पण ज्यांच्या घरी गाढवं आहेत, ज्यांचा संसार वीटभट्टीवर, मातीवर, मुरमावर चालतो, त्या हसणार नाहीत. कळमनुरीकडच्या एका ताईनं विचारलं, "गाढवाच्या पाठीला जखम झाली. मुकादम म्हणतो, वरून आणखी एक पोतं टाक अन् चालव. टाकू का?"

ताई, टाकू नका. का टाकू नये, आणि त्याऐवजी काय करावं, तेच आज सांगते.

चप्पल पायाला लागत असली तर आपण काय करतो? आत आणखी एक फडकं कोंबलं तर चप्पल अजून घट्ट होते आणि फोड अजून चिघळतो. पाठीचंही तसंच आहे. जखम होते ती दाब एकाच जागी पडल्यामुळं. वर पोतं वाढवलं की दाब वाढतो, घाम कोंडतो. आपल्या भाषेत निकामी भरण्याला खोगीरभरती म्हणतात, ते उगीच नाही. नुसतं भरून भागत नाही. कुठं भरायचं आणि कुठं मोकळं सोडायचं, हे कळायला हवं.

आधी पाठ ओळखा. गाढवाच्या पाठीचा कणा वर आलेला असतो, त्यावर मांस कमी. कण्याच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या वर, मांसाचा पट्टा असतो. ओझं त्या पट्ट्यावर बसलं पाहिजे, कण्यावर कधीच नाही. पुढं फऱ्याचं हाड चालताना मागंपुढं सरकतं. त्यावर पालाण आलं तर प्रत्येक पावलाला घासतं. मागं शेवटच्या बरगडीनंतर कंबर सुरू होते. तिथं खालून बरगड्यांचा आधार नाही, म्हणून तिथं ओझं नको. म्हणजे पालाणाची जागा फऱ्यामागून शेवटच्या बरगडीपर्यंत, एवढीच.

खेचर म्हणजे घोडी आणि गाढव यांचं पिल्लू. अंगानं मोठं, ताकदीनं जास्त. पण त्याचा खांद्याचा उंचवटा घोड्याएवढा वर नसतो, म्हणून घोड्याचं खोगीर त्याच्यावर नीट थांबत नाही. उतारावर पुढं सरकतं. त्याला शेपटीखालून दुमची आणि छातीवरून पट्टा लागतो. घोड्याचं खेचराला आणि खेचराचं गाढवाला घालून काम निभवू नये. दोन गाढवांच्या पाठीही सारख्या नसतात.

आता माप कसं घ्यायचं ते ऐका. यासाठी शिकलेलं माणूस लागत नाही. जनावर सपाट जागी, चारी पाय नीट ठेवून उभं करा. हातानं फऱ्याची मागची कड चाचपा. तिच्या मागं तीन-चार बोटं सोडून खडूनं खूण करा. शेवटची बरगडी चाचपून दुसरी खूण करा. या दोन खुणांमधलं अंतर हीच पालाणाची लांबी. मग विजेच्या जाड वायरीचा हातभर तुकडा घ्या, वाकवला की तसाच राहील असा. पुढच्या खुणेवर तो पाठीवर आडवा ठेवून दोन्ही बाजूंनी अंगाबरोबर दाबा. आकार न मोडता उचला, पुठ्ठ्यावर ठेवा आणि पेन्सिलीनं रेघ ओढा. असंच मधे आणि मागच्या खुणेवर करा. तीन रेघा झाल्या. प्रत्येकीवर पुढची, मधली, मागची असं लिहा आणि जनावराची खूण टाका. शिंपी ब्लाऊजचं माप वहीत ठेवतो, तसा हा पुठ्ठा जपून ठेवा.

पालाण शिवताना एक सपाट गादी करू नका. दोन लांब लोड करा, कण्याच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक. दोघांमध्ये चार बोटं मोकळी वाट ठेवा आणि वरून जाड कापडानं ते जोडा. खेचरासाठी वर लाकडी सांगाडा बसवणार असाल, तर त्याची कमान कण्याला टेकता कामा नये. ओझं टाकल्यावरही कण्यावरून दोन-तीन बोटं जायला हवीत. गाठी, खिळे, तारेची टोकं आणि शिवणीच्या जाड घड्या अंगाच्या बाजूला नकोत.

अंगाला लागणारं कापड सुती हवं, मांजरपाट किंवा जुनं धुतलेलं जाड धोतर. युरियाचं पोतं अंगाला लावू नका. ते घाम शोषत नाही, तापतं आणि त्याच्या कडा कापतात. गोणपाट वरून चालेल, खाली ते खरखरतं. आत भरायला काथ्या किंवा वाळलेला मऊ पेंढा, दाबून आणि सारखा. नुसता जुना कापूस भरला तर घामानं त्याचे गोळे होतात, आणि गोळा म्हणजे पाठीखाली दगडच. सोयाबीनचं कुटार टोचतं, ते नको. लोडाच्या एका टोकाला तोंड ठेवा आणि नाडीनं बांधा. पावसाळ्यात जनावर हिरव्यावर भरतं, उन्हाळ्यात उतरतं. पाठ बदलली की थोडं काढता-घालता आलं पाहिजे.

शिवून झालं म्हणजे काम संपलं नाही. रिकामं पालाण घालून चालवा, मग अर्धं ओझं टाकून अर्धा तास. काढल्यावर पाठ बघा. घाम दोन्ही बाजूंना सारखा आला असेल तर बरं. सगळीकडं ओलं आणि मधेच एखादा कोरडा डाग दिसला, तर तिथं दाब जास्त आहे. हात फिरवा. गरम लागतं का, सूज आहे का, जनावर अंग चोरतं का? गाढव दुखणं लवकर दाखवत नाही, आपल्यालाच शोधावं लागतं. पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर ती बहुधा जुन्या जखमेची खूण. विकत घेतानाही हे बघा. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा जेजुरीच्या पौष पौर्णिमेच्या बाजारात दात बघतात तशीच पाठही बघावी. आणि तयार पालाण घ्यायचं असेल, तर तो पुठ्ठा सोबत न्यावा.

तंग कोपराला घासू नये, चार बोटं मागं असावा. त्याखाली दोन बोटं जावीत. ओझं दोन्ही बाजूंना सारखं. उतरवताना दोघींनी मिळून दोन्हीकडून एकदम उतरवा. एका बाजूचं आधी काढलं की पालाण फिरतं आणि सगळा भार कण्यावर येतो.

आता ओझ्याचं बोलू, कारण पालाण कितीही चांगलं असलं तरी जादा ओझं ते पेलत नाही. ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे 1965 चे नियम आहेत. त्यात गाढवाच्या पाठीवर जास्तीत जास्त 50 किलो, तट्टाला 70 किलो आणि खेचराला 200 किलो सांगितलं आहे. ही शेवटची मर्यादा आहे, लहान किंवा अशक्त जनावराला त्याहून कमीच. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही. पारा 37 अंशांच्या वर जातो तिथं दुपारी बारा ते तीन काम नाही. आपल्याकडचा एप्रिल-मे सगळ्यांना ठाऊक आहे.

हिशोब करा. वीट तीन किलोची धरली तर सोळा विटांचे 48 किलो होतात. वीस टाकल्या तर 60. मला माहीत आहे, मजुरी हजारावर मिळते, म्हणून चार विटा जास्त टाकाव्याशा वाटतात. लोभ म्हणून नाही, पोटासाठी. पण पाठ फुटली की जनावर पंधरा-वीस दिवस उभं राहतं, आणि त्याची खेप आपल्याच डोक्यावर येते. पाठीवरच्या चार विटा वाचवायला गेलो आणि डोक्यावर पाटी आली, असं होतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. अडायच्या आधीच पाठ बघितलेली बरी.

जखम झालीच तर पहिलं औषध म्हणजे ओझं बंद. पाणी उकळून गार करा, त्यात थोडं मीठ टाकून जखम धुवा, माशा बसू देऊ नका. जळकं ऑईल, बॅटरीची पूड, चुना, राख काही लावू नका. घोडा, गाढव, खेचर या जातीला धनुर्वात लवकर होतो आणि तो जीव घेतो. म्हणून डॉक्टरला दाखवून लस विचारा. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा, किंवा 1962 या नंबरवर फोन करा. फिरत्या दवाखान्यासाठीचा तो नंबर आहे, पैसे लागत नाहीत. पोळा पूर्ण भरून त्यावर केस येईपर्यंत पालाण नको. पालाणाला जखमेएवढं भोक पाडून काम चालवतात, तेही नको. भोकाच्या कडेनं नवी सूज येते.

शेवटी गटाचं काम. बऱ्याच बचत गटांकडं शिलाई मशीन आहे. मशीनवर खोळ शिवावी, जाड शिवण दाभण-सुतळीनं घालावी. दोन बायांनी माप शिकलं तर गावातल्या सगळ्या जनावरांची पालाणं गटातच होतील. पहिलं पालाण आपल्याच एखाद्या सभासदाच्या जनावराला करा, पंधरा दिवस वापरून बघा, चुकलेलं उसवा, मगच दुसऱ्याचं पैसे घेऊन शिवा. आणि दिवाळीच्या आसपास भट्टीची उचल ठरते तेव्हा पालाणाचा खर्च कोण देणार, हेही त्याच वेळी बोलून घ्या. एकदा उचल हातात पडली की मग ते कुणी ऐकत नाही. त्या बोलण्याला घरच्या बाईनं समोर बसावं, कारण संध्याकाळी जखम धुणारी तीच असते.

नाथांनी तहानलेल्या गाढवाला गंगेचं पाणी पाजलं, ही गोष्ट आपण लेकरांना सांगतो. आपल्याला गंगा आणायची नाही. संध्याकाळी पालाण उतरवलं की पाठीवरून एकदा हात फिरवायचा, एवढंच रोज करा.

ज्या ताईनं प्रश्न विचारला, तिनं पोतं टाकू नये, आज माप घ्यावं. रामराम.