विश्लेषण : बर्लिनमध्ये भाड्याचे घर मिळणे इतके अवघड का? पहिले घर घेताना काय पाहावे?

जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये आता सर्वाधिक संख्या भारतीयांची आहे. २०२३-२४च्या हिवाळी सत्रात ती सुमारे ४९ हजार होती. त्यातच कुशल भारतीयांना दरवर्षी दिल्या जाणाऱ्या व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजार करण्याची घोषणा जर्मनीने ऑक्टोबर २०२४मध्ये केली. साहजिकच पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरहून तिकडे निघणारेही वाढले आहेत. प्रवेश मिळाला, व्हिसाचा शिक्का बसला, बॅगा भरल्या की अवघड टप्पा संपला असे घरच्यांना वाटते. बर्लिनला पोहोचलेल्यांचा अनुभव मात्र वेगळा असतो. खरी धावपळ तिथे सुरू होते आणि ती असते एका पत्त्यासाठी.

घर नसेल तर नेमके काय अडते?

जर्मनीत राहायला आलेल्या प्रत्येकाने घरात प्रवेश केल्यापासून दोन आठवड्यांत आपला पत्ता सरकारदरबारी नोंदवणे बंधनकारक आहे. या नोंदणीला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. ती ‘ब्युर्गरआम्ट’ या नागरी कार्यालयात होते. सोबत भाडेकरार असून भागत नाही. ‘ही व्यक्ती माझ्याकडे राहायला आली आहे’ असे घर देणाऱ्याच्या सहीचे स्वतंत्र पत्र लागते. १ नोव्हेंबर २०१५पासून लागू झालेल्या कायद्याने ते सक्तीचे केले. या पत्राचे जर्मन नाव, ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’, एका दमात म्हणता येणे हीच भाषेची पहिली परीक्षा म्हणायची.

पुढचे सगळे या नोंदणीवर अवलंबून असते. नोंदणी झाल्यावर कर क्रमांक टपालाने घरी येतो. तो नसेल तर पगारातून सर्वाधिक दराने कर कापला जाण्याची शक्यता असते. व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी निवास परवाना घ्यावा लागतो, त्यासाठीही नोंदणीचा कागद लागतो. अनेक बँका खाते उघडताना तोच मागतात. घरमालक मात्र घर देण्यापूर्वी पगाराच्या पावत्या आणि जर्मन बँक खाते पाहू इच्छितो. म्हणजे घरासाठी कागद हवेत आणि कागदांसाठी घर! नवख्या माणसाची कोंडी होते ती इथे.

‘शूफा’ काय आहे?

आपल्याकडे कर्ज घेताना सिबिल स्कोअर पाहतात, तसा तिकडे घर भाड्याने देतानाही ‘शूफा’चा दाखला पाहिला जातो. १९२७मध्ये बर्लिनमध्येच सुरू झालेली ही खासगी पतनोंदणी संस्था. देणी वेळेवर भागवली की नाही, याची नोंद तिच्याकडे असते. नुकत्याच आलेल्या माणसाची पत वाईट नसते, पण त्याची नोंदच नसते. समोर शे-दीडशे अर्ज पडलेल्या मालकाला हा फरक समजून घेण्याची गरज वाटत नाही.

अर्जासोबत साधारणपणे ओळखपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, शूफाचा दाखला आणि आधीच्या घरमालकाचे ‘भाडे थकवलेले नाही’ असे पत्र मागतात. यातले शेवटचे पत्र निघण्यापूर्वीच मिळवता येते. कोथरूड किंवा ठाण्यातील घरमालकाकडून इंग्रजीत चार ओळी, सही आणि तारीख घेऊन ठेवावी. विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीचे पत्र किंवा ‘ब्लॉक्ड अकाउंट’चा पुरावा पगारपावतीच्या जागी चालू शकतो.

घरमालक इतके चोखंदळ का?

महाराष्ट्रात ११ महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराची सवय असलेल्यांना हे कोडे चटकन उलगडत नाही. आपल्याकडे भाडेकरू पटला नाही तर वर्षभरात विषय संपतो. जर्मनीत भाडेकरार सर्वसाधारणपणे बेमुदत असतो. भाडेकरू तीन महिन्यांची नोटीस देऊन कधीही जाऊ शकतो, पण मालकाला घर रिकामे करून घ्यायचे तर स्वतःला राहण्यासाठी हवे आहे, भाडे थकले आहे, असे कायद्यात बसणारे कारण द्यावे लागते. बर्लिनमध्ये चालू करारातील भाडेही तीन वर्षांत १५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. त्यामुळे मालकाची सगळी चाळणी दाराबाहेरच लागते. आत गेलेला माणूस सुरक्षित असतो, त्याची किंमत बाहेरचा मोजतो.

या चाळणीत नावही आडवे येते. ‘डेर श्पीगेल’ आणि बायरिशर रुंडफुंक यांनी २०१७मध्ये दहा शहरांत जर्मन आणि परदेशी वाटणाऱ्या नावांनी सुमारे २० हजार चौकश्या पाठवल्या होत्या. अरबी आणि तुर्की नावांना घर पाहायला बोलावणे येण्याचे प्रमाण स्पष्टपणे कमी होते. वंशावरून असा भेदभाव करण्यास २००६च्या कायद्याने मनाई आहे, पण उत्तरच न आलेल्या ईमेलविरुद्ध तक्रार कशी सिद्ध करणार?

बर्लिनमध्येच टंचाई का?

बर्लिन हे भाडेकरूंचे शहर आहे. तिथली ८० टक्क्यांहून अधिक घरे भाड्याने दिलेली आहेत. एकेकाळी युरोपातील मोठ्या राजधान्यांमध्ये ते स्वस्त समजले जाई. कर्जात बुडालेल्या शहर प्रशासनाने २००४मध्ये ‘जीएसडब्ल्यू’ ही आपली गृहनिर्माण कंपनी सुमारे ६५ हजार घरांसह ४० कोटी ५० लाख युरोंना विकली. नंतर लोकसंख्या वाढत गेली, बांधकाम मागे पडले आणि भाडी चढली. ती गोठवण्यासाठी शहराने फेब्रुवारी २०२०मध्ये ‘मीटनडेकेल’ हा कायदा आणला. असा कायदा करण्याचा अधिकार राज्याला नाही, असे सांगत घटनात्मक न्यायालयाने तो २०२१मध्ये रद्द ठरवला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तीन हजारांहून अधिक घरे असलेल्या कंपन्यांची घरे समाजाच्या मालकीची करावीत, या बाजूने सार्वमतात ५९ टक्के मते पडली. सार्वमत बंधनकारक नव्हते.

नवीन करारासाठीचा ‘मीटप्राइसब्रेम्झे’ हा केंद्रीय नियम मात्र लागू आहे. त्यानुसार नवे भाडे परिसरातील प्रचलित भाड्यापेक्षा फार तर १० टक्के जास्त असावे. त्याला पळवाटा आहेत. १ ऑक्टोबर २०१४नंतर प्रथमच वापरात आलेली घरे आणि तात्पुरत्या वापरासाठी दिलेली घरे त्यातून वगळली आहेत. परदेशातून आलेल्याच्या वाट्याला नेमकी हीच, फर्निचरसह आणि महागडी घरे येतात.

जाहिरात कशी वाचावी?

‘२ खोल्यांचे घर’ म्हणजे आपला वन बीएचके, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मोजणीत नसते. ‘काल्टमीटे’ हे नुसत्या जागेचे भाडे. त्यात पाणी, कचरा, जिना-साफसफाई आणि बहुतेकदा तापवण्याचा खर्च धरला की ‘वार्ममीटे’. वीज आणि इंटरनेट सहसा वेगळे. शिवाय दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो सार्वजनिक प्रसारण शुल्क द्यावे लागते, घरात टीव्ही असो वा नसो. फर्निचर नसलेल्या घरात कधी ओटाही नसतो, आधीचा भाडेकरू तो काढून नेतो किंवा तुम्हालाच विकतो.

अनामत रक्कम तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. हा हक्क किती मोलाचा, ते हिशेबातून कळते. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये विद्यार्थ्याला वर्षासाठी ११ हजार ९०४ युरो ठेवावे लागतात आणि महिन्याला ९९२ युरोच हातात येतात. समजा खोलीची काल्टमीटे ६०० युरो आहे. पहिल्या महिन्याचे भाडे आणि अनामतीचा एक हप्ता मिळूनच १,२०० युरो होतात. पूर्ण अनामत एकदम मागितली तर २,४००. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी या खात्याबाहेरची रक्कम हाताशी असावी.

घर न पाहता आगाऊ पैसे मात्र देऊ नयेत. ‘मी सध्या परदेशात आहे, पैसे भरा, चावी कुरिअरने पाठवतो’ असे सांगणारा मालक आणि भागाच्या मानाने फारच कमी भाडे, ही फसवणुकीची ओळखीची खूण. बर्लिनमध्ये कुणी ओळखीचे असेल, तर त्याला आधी घर पाहून यायला सांगावे.

मग पहिले घर कोणते घ्यावे?

अनेक जण पहिल्याच फेरीत दोन-तीन वर्षांचे घर शोधतात, मनासारख्या भागात, मेट्रोजवळ, बाल्कनीसह. यात हॉटेलचे भाडे भरत महिना निघून जातो. त्यापेक्षा पहिल्या घराबाबत एकच प्रश्न आधी विचारावा : इथे आनमेल्डुंग होईल का? जाहिरातीत ‘आनमेल्डुंग निष्ट म्योग्लिश’ असे असेल, तर नोंदणी मिळणार नाही. असे घर स्वस्त असले तरी तीन महिन्यांनी माणूस तिथेच उभा असतो. उलट, शहराच्या टोकाला, लहान, पण नोंदणी देणारी खोली घेतली तर कर क्रमांक, खाते, पगारपावत्या हे सगळे जमत जाते आणि दुसरा अर्ज पहिल्यासारखा कोरा राहत नाही.

विद्यार्थी वसतिगृहांची प्रतीक्षायादी लांब असते, तरी प्रवेशपत्र हाती येताच नाव नोंदवावे. ‘वेगे’ म्हणजे तीन-चार जणांनी मिळून घेतलेले घर. तिथे निवड घरमालकापेक्षा सहनिवासी करतात, म्हणून सर्वांना धाडलेल्या साच्यातल्या संदेशापेक्षा त्यांची जाहिरात वाचून लिहिलेल्या पाच ओळी उपयोगी पडतात. पोटभाड्याने राहताना मूळ भाडेकरूकडे घरमालकाची परवानगी आहे का, हे लेखी विचारावे.

काही जण पैसे घेऊन केवळ पत्ता विकतात. प्रत्यक्ष न राहता नोंदणीसाठी पत्ता देणाऱ्याला ५० हजार युरोंपर्यंत दंड होऊ शकतो आणि खोटी नोंदणी करणारा स्वतःही अडचणीत येतो. ब्युर्गरआम्टची अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, पण बर्लिनच्या कोणत्याही भागातील कार्यालय चालते, त्यामुळे घर ठरताच मिळेल तिथली घ्यावी.

चावी हातात आल्यावर पहिले काम म्हणजे बेल आणि टपालपेटीवर आपले नाव लावणे. बर्लिनच्या इमारतींत घरांना सहसा क्रमांक नसतात, पोस्टमन नाव पाहूनच पत्र टाकतो. नाव नसेल तर ज्या कर क्रमांकासाठी एवढी धडपड केली, त्याचे पाकीट आल्या वाटेने परत जाते.