झोपेत दात खाणारं लेकरू

मैत्रिणींनो, लेकरू झोपेत करकर दात खायला लागलं की घरात कुणीतरी म्हणतंच, "जंत झालेत." अंगणवाडीतली जंताची गोळी द्यायचीच, पण ती जंतांसाठी. दात खाण्यावरचं ते औषध नव्हे. बहुतेक मुलांची ही सवय पक्के दात आले की हळूहळू आपोआप जाते. रागावून उपयोग नाही, झोपेतलं त्याला ठाऊकच नसतं.

पण सकाळी गाल दुखतो, भाकरी चावत नाही, असं ते म्हणालं तर जबड्याचा स्नायू रात्रभर राबून आंबलाय असं समजा. गालावर, कानाच्या थोडं पुढे-खाली बोटं ठेवा आणि त्याला दात आवळायला सांगा. टणक होतो तोच तो स्नायू. तिथं कोमट पाण्यात पिळलेलं फडकं १० मिनिटं धरा, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा. मग बोटांनी हलकेच गोल चोळा. दोन-चार दिवस मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी द्या. ऊस, फुटाणे, च्युइंगम बंद. मोठ्यांची दुखण्याची गोळी अर्धी करून मुळीच देऊ नका.

मूल घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल तर घशातल्या गाठी वाढल्यात का, हे डॉक्टरांकडून बघून घ्या. दात झिजले किंवा तोंड पुरतं उघडेना, तर दातांच्या डॉक्टरांकडे न्या.