अन्न, आणि ते खाणारा

पंगतीत बसलेल्या माणसाने एखादा पदार्थ नाकारला, तर वाढणाऱ्याने खिन्न व्हावे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्या माणसाच्या शिस्तीविषयी शंका घ्यावी, अशी आपल्याकडची जुनी रीत आहे. आणि ‘दूध मला बाधते’, ‘कोळंबी खाल्ली की अंगावर पित्त उठते’ अशा तक्रारींची नोंद आपण बहुधा लाडाच्या खात्यावर करून मोकळे होतो. ही रीत मायेपोटी आलेली असली, तरी ती आपल्याच शास्त्रपरंपरेला सोडून आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात आहारविचाराची जी आठ अंगे सांगितली आहेत, त्यांत द्रव्याची प्रकृती, त्यावरचे संस्कार, संयोग, प्रमाण, देश, काळ आणि भोजनाचे नियम ही सात झाल्यावर आठवे स्थान खुद्द खाणाऱ्याला दिले आहे, आणि सवयीने अंगवळणी पडणारे सात्म्य त्याच्याच अधीन असते, असा निर्वाळाही दिला आहे.

खाणाऱ्याच्या या वेगळेपणाचा प्रयोगसिद्ध दाखला मिळाला तो १९२१ मध्ये, तेव्हा जर्मनीत असलेल्या ब्रेस्लाउ येथे. हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरांना शिजवलेला मासा खाल्ल्याबरोबर अंगावर गांधी उठत. त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांना मात्र मासा निमूटपणे पचत असे. प्राउस्निट्झ यांनी क्युस्टनरच्या रक्तातील निवळ द्रव, म्हणजे रक्तरस, स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचताच, आजवर ज्या अंगाला माशाची कधी बाधा झाली नव्हती, त्या अंगावर तेवढ्याच एका ठिकाणी लाल, खाजरी गांध उभी राहिली. तक्रार मनाची नसून रक्तातल्या एका पदार्थाची आहे, हे यावरून निर्विवाद ठरले. तो पदार्थ कोणता याचा खुलासा होण्यास पुढे पंचेचाळीस वर्षे लागली. १९६६ च्या सुमारास इशिझाका या जपानी दांपत्याने आणि स्वतंत्रपणे स्वीडनमधील संशोधकांनी आज ‘आयजीई’ या नावाने ओळखले जाणारे प्रतिपिंड शोधून काढले.

कोकणातल्या वाचकाने येथे एक तपशील ध्यानात घ्यावा. बांगडा, सुरमई, कुपा यांसारखे मासे पकडल्यानंतर बर्फाविना राहिले, तर त्यांच्या मांसात जीवाणूंमुळे हिस्टामिन नावाचे द्रव्य साठते, ते शिजवूनही नाहीसे होत नाही, आणि असा मासा खाणाऱ्याचा चेहरा लाल होणे, अंगाला खाज सुटणे, डोके दुखणे ही सारी लक्षणे मत्स्यबाधेसारखीच दिसतात. एकाच ताटातला बांगडा खाल्लेल्या साऱ्या मंडळींना त्रास झाला असेल, तर दोष त्या माशाच्या शिळेपणाचा मानावा. ताज्या माशानेही एकाच व्यक्तीला प्रत्येक वेळी त्रास होत असेल, तरच संशयाचा रोख त्या व्यक्तीच्या प्रकृतीकडे वळवणे रास्त होईल. एका शिळ्या बांगड्यापायी जन्मभर मासे सोडून बसलेली माणसे किनारपट्टीवर थोडीथोडकी नसावीत, असे मला वाटते, आणि या नाहक त्यागाचे मला मनापासून वाईट वाटते.

दुधाची गोष्ट याहून निराळी, आणि पुष्कळ सौम्य आहे. दुधातली साखर फोडणारे लॅक्टेज हे पाचकद्रव्य जगातील सुमारे दोनतृतीयांश लोकांच्या आतड्यात बालपणानंतर कमी होत जाते, आणि आपल्या देशात वायव्येकडून दक्षिणेकडे व पूर्वेकडे यावे तसे अशा लोकांचे प्रमाण वाढत जाते. पोटात वायू धरणे, गुडगुडणे, ढाळ होणे ही त्याची लक्षणे त्रासदायक खरी, परंतु घातक नव्हेत. विरजणाच्या जीवाणूंनी त्या साखरेचा काही भाग आधीच खाऊन टाकलेला असल्यामुळे यांतील बहुतेकांना दही आणि ताक सोसते. जेवणाच्या शेवटी ताकभात खाणाऱ्या मुलखाने या प्रश्नाची तोड पिढ्यान्‌पिढ्या नकळत काढून ठेवली आहे.

या दोहोंहून गहन प्रकरण गव्हाचे आहे. खाल्लेले अंगी न लागता मुले फुगलेल्या पोटाची आणि काडीसारख्या हातापायांची होतात, या विकाराचे वर्णन लंडनचे सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्येच केले होते आणि बरे व्हायचे असेल तर ते आहारानेच, असेही म्हटले होते. परंतु कोणत्या आहाराने, हे कोणास ठाऊक नव्हते. १९२४ मध्ये अमेरिकेतील सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांवर ठेवले आणि ती सुधारली, तेव्हा श्रेय केळ्यांना मिळाले. केळी देताना भाकरी-पाव बंद झाले होते; पण गव्हावर बोट ठेवले ते हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनी. गव्हावरचा त्यांचा संशय दुसऱ्या महायुद्धापूर्वीपासूनचा होता; १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडात जो भीषण दुष्काळ पडला, त्यात पाव दुर्मिळ झाला, तेव्हा ही मुले भुकेच्या त्या दिवसांतही सुधारत असल्याचे, आणि पाव पुन्हा मिळू लागताच खालावत असल्याचे त्यांना आढळले. एवढ्यावर विसंबून न राहता त्यांनी सहकाऱ्यांसह मुलांच्या मलातील स्निग्धांश मोजून, गहू दिल्यावर तो वाढतो व काढल्यावर उतरतो, हे सिद्ध केले, आणि १९५० मध्ये उट्रेख्ट विद्यापीठाला आपला प्रबंध सादर केला. गहू, जव आणि राय यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे या रुग्णांच्या लहान आतड्यातील, अन्नरस शोषून घेणारे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात. सीलिअ‍ॅक या नावाने ओळखला जाणारा हा विकार गहू खाणाऱ्या उत्तर भारतात अधिक आढळतो; परंतु ज्वारी-बाजरीच्या ज्या मुलखात पोळी पूर्वी सणावाराची असे, तेथेही ती आता रोजच्या ताटात स्थिरावली असल्याने आपण त्याविषयी बेफिकीर राहून चालणार नाही.

आता साध्या, अखंड, निसर्गाच्या जवळच्या अन्नाविषयी. त्याच्या पोषकतेबद्दल पुष्कळ लिहिले जाते, आणि ते निराधार नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी वीस प्रौढांना दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. दोन्हींत साखर, मीठ, स्निग्धांश, चोथा यांचे प्रमाण सारखे राखले होते आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रियेच्या अन्नावर असताना ती माणसे रोज सुमारे पाचशे उष्मांक अधिक खात होती. परंतु ज्याला काहीतरी बाधते आणि काय बाधते ते कळत नाही, त्याच्या दृष्टीने साध्या अन्नाची थोरवी मला दुसऱ्याच कारणासाठी वाटते: त्यात काय आहे, ते ओळखता येते. भाकरी, मुगाची आमटी, दुधी भोपळ्याची भाजी आणि ताक एवढ्या जेवणानंतर पोट बिघडले, तर संशयितांची यादी बोटांवर मोजण्याइतकी असते. तेच बंद पाकिटातल्या पदार्थाच्या बाबतीत पाकिटाच्या पाठीवरचा बारीक मजकूर वाचूनही थांग लागत नाही. आपल्या फोडणीतला साधा हिंगसुद्धा निर्भेळ नसतो. बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगात सामान्यतः मैदा मिसळलेला असतो, आणि गहू सोडून ज्वारीवर आलेला रुग्ण वरणाच्या फोडणीतून रोज थोडा गहू पोटात घेत राहतो. गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळलेल्या ज्वारीचेही तेच. अशा घरातील गृहिणीने ‘ज्वारीवरच ज्वारी दळा’ अशी ताकीद दिली तरी जात्यात राहिलेले पीठ पुरते निघत नाही, म्हणून शक्य त्यांनी घरघंटी घेऊन त्यात गहू दळूच नये, हे उत्तम.

तथापि ‘नैसर्गिक’ या शब्दावर अंधविश्वास ठेवणेही तितकेच घातक होय. अळू आणि सुरण निसर्गाचेच आहेत, पण त्यांतील कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक घसा खाजवतात, म्हणूनच आपल्या बायकांनी ते चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवण्याचा पाठ घालून दिला. ज्वारी उत्तम धान्य. परंतु दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग आढळत असे, आणि तिच्यातील ल्युसिन या घटकाच्या आधिक्याकडे त्याचे कारण म्हणून हैदराबादच्या पोषण संशोधनशाळेत डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये लक्ष वेधले. त्या ताटात डाळ, दूध, पालेभाजी यांचा अभाव होता, ही गोष्ट त्या दारिद्र्याची आहे. पण एकेक पदार्थ स्वखुशीने वर्ज्य करीत जाणारा सुस्थितीतला मनुष्यही त्याच ठिकाणी येऊन पोहोचू शकतो.

यास्तव वर्ज्य करण्याआधी शोध घ्यावा. आठ-दहा दिवस जे खाल्ले, जेव्हा खाल्ले आणि नंतर जे झाले, त्याची रोजनिशी ठेवावी; संशय ज्यावर बसेल असा एकच पदार्थ दोन ते चार आठवडे पूर्ण बंद करावा; आराम पडला तर तो थोड्या प्रमाणात पुन्हा घेऊन पाहावा. ही शेवटची पायरी लोक गाळतात, आणि नेमका तिच्यातच निकाल असतो, कारण आराम पुष्कळदा कालांतराने आपोआपही पडतो. कांदा, लसूण, कडधान्ये यांनी पोट फुगणाऱ्यांना बहुधा प्रमाण कमी केल्याने, आणि कडधान्ये भिजवून, मोड आणून खाल्ल्याने निभावते. कायमचा बहिष्कार लागत नाही. ज्यांना मात्र खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजते, श्वास कोंडतो किंवा भोवळ येते, त्यांनी घरी कसलाही प्रयोग करू नये. तेथे विशेषज्ञाकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही. रक्ताचा एक थेंब घेऊन शंभर पदार्थांची यादी हाती ठेवणाऱ्या ‘आयजीजी’ चाचण्यांवर पैसा घालवू नये, कारण आयजीजी हे प्रतिपिंड तो पदार्थ पूर्वी खाल्ला असल्याची खूण असते, आणि युरोपातील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच त्या या कामी निरुपयोगी ठरवल्या आहेत. लहान मुलांच्या बाबतीत तर भीतीने केलेला निषेध उलटतो: २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील संशोधनात, बाधेचा धोका अधिक असलेल्या ज्या बालकांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ देण्यास सुरुवात झाली, त्यांच्यात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी पाच वर्षांच्या वयापर्यंत टाळलेल्यांच्या मानाने फार कमी आढळली. अख्खे दाणे मात्र तान्ह्या मुलाच्या घशात अडकतात, तेव्हा कूट किंवा पातळ लगदाच द्यावा, आणि मुलाला आधीच इसब किंवा अंड्याची बाधा असेल तर डॉक्टरांना विचारून.

गव्हाविषयी संशय असेल, तर तो सोडण्यापूर्वी सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी करून घ्यावी. गहू बंद केल्यावर रक्तातील प्रतिपिंड उतरतात आणि तपासणी खोटा निर्वाळा देते, मग निदानासाठी तोच गहू पुन्हा कित्येक आठवडे खाण्याची पाळी येते. निदान पक्के झाले की त्या घरात परात, पोळपाट, लाटणे वेगळे ठेवावे लागते, आणि रुग्णाचे आईवडील, भावंडे व मुले यांना काहीही तक्रार नसली तरी त्यांचीही तपासणी करावी, कारण सख्ख्या नात्यात हा विकार सर्वसाधारण लोकांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो आणि वर्षानुवर्षे केवळ रक्तक्षयाच्या रूपाने लपून राहू शकतो.