बारा लाल अक्षरं

सॅटर्न-५ चं एकास शंभर प्रमाणातलं मॉडेल साधारण १११ सेंटिमीटर उंच भरतं. रंगकाम संपलं तरी ते पुठ्ठ्याची नळीच वाटत राहतं. अंगावर ‘युनायटेड स्टेट्स’ ही लाल अक्षरं चढली की मगच त्याचं रॉकेट होतं.

काळे पट्टे त्याआधीचे. ते शोभेचे नव्हेत. रॉकेट स्वतःभोवती किती वळतंय हे कॅमेऱ्यांतून कळावं, यासाठी ते होते. १९६६ साली लाँच पॅडवर नेलेल्या, पण कधीच न उडालेल्या ५००-एफ या चाचणी-रॉकेटचे पट्टे थोडे वेगळे होते आणि कित्येक मॉडेलांवर तेच उतरले. अपोलो ११ करायचं असेल, तर प्रक्षेपणाचे फोटोच समोर ठेवावेत.

ही अक्षरं डेकलची असतात, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील फिल्मची. मॅट रंगावर डेकल थेट लावू नये. बोटाला गुळगुळीत लागणाऱ्या त्या रंगात बारीक खळगे असतात. त्यांत हवा अडकते आणि पारदर्शक फिल्मखाली चंदेरी डाग चमकतात. म्हणून आधी चकचकीत क्लिअर कोट. आपल्याकडे पावसाळ्यात हा स्प्रे टाळावाच: थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि कोट दुधाळ होतो.

आता अक्षरं. बारा, एकाखाली एक. गोल नळीवर नजरेच्या भरवशावर सरळ रेघ येत नाही. अॅल्युमिनियमचा अँगल नळीवर लांबीनं पालथा घालायचा. त्याच्या दोन्ही कडा टेकल्या की कडेनं पेन्सिलीची पुसट रेघ ओढायची. डेकल कोमट पाण्यात क्षणभर बुडवून बाहेर काढायचं आणि थांबायचं. डिंक सुटला की बोटाच्या हलक्या दाबानं ते कागदावर सरकतं. जागा ओली ठेवली, तर नळीवरही ते हलवता येतं. जुळल्यावर ओल्या ब्रशनं मधून कडेकडे पाणी काढायचं.

पन्हळीदार भागावर डेकल मऊ करणारं द्रावण लावलं की फिल्म सुरकुतते. ते पाहून जीव खालीवर होतो, पण तेव्हा बोट लावायचं नाही. वाळता वाळता ती आपोआप ताणून खाचांत बसते. मला या कामातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो.

वाळल्यावर कडेला उरलेला डिंक ओल्या फडक्यानं टिपायचा, नाहीतर पुढे पिवळट डाग पडतात. मग क्लिअर कोटचे पातळ हात, एकदम जाड नको. शेवटी लाँच रॉड, म्हणजे उडताना मॉडेलला सरळ ठेवणारी सळई, मॉडेलच्या बाजूच्या छोट्या नळीतून घालून पाहायची. अडकली, तर आत साचलेला रंग गुंडाळलेल्या पॉलिश पेपरनं घासून काढायचा.