हॉटेलातील पाणी आणि हॉटेलातील माणूस

घरातून निघताना दिवा मालवण्यास कधीही न विसरणारा मनुष्य कचेरीतून उठताना पंख्याचे बटण हटकून विसरतो, हा अनुभव आपणां सर्वांचा आहे. आमच्या महाविद्यालयाच्या शिक्षकदालनात कोणी नसतानाही चार पंखे फिरत असतात. आणि त्या दालनात बसणाऱ्यांपैकी निदान तिघांनी पर्यावरण या विषयाच्या उत्तरपत्रिका तपासलेल्या आहेत. (प्रस्तुत लेखक त्या तिघांपैकी एक आहे.) तेव्हा अज्ञान हे काही या उधळपट्टीचे कारण नव्हे. घरचे वीजबिल आपण भरतो, कचेरीचे दुसरा कोणी भरतो, एवढाच काय तो फरक.

हॉटेलांत हा फरक अधिकच रुंदावतो. (हॉटेल हा शब्द मराठीत चहाच्या टपरीपासून पंचतारांकित प्रासादापर्यंत कोठेही चालतो, येथे प्रामुख्याने मुक्कामाची हॉटेले अभिप्रेत आहेत.) पाहुण्याने खोलीचे ठरीव भाडे भरलेले असते, त्याने एक बादली पाणी वापरले काय आणि दहा वापरल्या काय, त्याच्या खिशाला तोशीस नाही. बिल मालक भरतो, पण तो खोलीत नसतो. नळ, दिवे, वातानुकूलनाचे यंत्र आणि कचऱ्याची टोपली यांच्याशी दिवसभर ज्याचा संबंध येतो, तो खोल्या आवरणारा कर्मचारी. बचतीचे श्रम त्याचे, बचतीचा पैसा मालकाचा आणि श्रेय बहुधा जाहिरातखात्याचे! अशा व्यवस्थेत काटकसर आपोआप घडत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही सांगता येईल.

हॉटेलांच्या न्हाणीघरांत 'टॉवेल पुन्हा वापरा, पृथ्वी वाचवा' अशी कार्डे असतात. अशाच कार्डांवरून जे वेस्टरव्हेल्ड या अमेरिकन पर्यावरणवाद्याने १९८६ साली 'ग्रीनवॉशिंग' हा शब्द रूढ केला. धुलाईचा खर्च वाचवायचा आणि त्याला निसर्गप्रेमाचा रंग द्यायचा, असा त्याचा आक्षेप होता. पुढे २००८ साली गोल्डस्टीन, चाल्डिनी व ग्रिस्केविसियस या संशोधकांनी दाखवून दिले की, 'बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात' असे कार्डावर लिहिले, तर नुसत्या निसर्गाच्या आवाहनापेक्षा अधिक पाहुणे तसे करतात. पाहुण्याच्या मनाचा हा अभ्यास रंजक खराच. परंतु पाहुण्याने सद्भावनेने दांडीवर टांगलेला टॉवेलही पुष्कळदा दुपारी धुलाईला जातो, ही तक्रार प्रवाशांकडून वारंवार ऐकू येते. असे का होते, याचे उत्तर पाहुण्याच्या मनात सापडणार नाही.

ते मला गेल्या मे महिन्यात महाबळेश्वरी सापडले. माझा एक जुना विद्यार्थी तेथील एका हॉटेलात खोल्यांच्या व्यवस्थेचे काम करतो. पदवी मिळाली, नोकरी मिळाली नाही, तेव्हा तो या व्यवसायात आला. मी त्याला टॉवेलाविषयी विचारले. तो म्हणाला, "सर, टांगलेला टॉवेल वापरलेला की कोरा, हे सुपरवायझर विचारत नाहीत. डाग दिसला की बोलणी आम्हाला. नवा ठेवला तर कोणी बोलत नाही." म्हणजे टॉवेल वाचवण्यात त्याला लाभ शून्य आणि धोका मात्र निश्चित. वातानुकूलनाचेही तेच. यंत्राचे तापमान एका अंशाने वर ठेवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा अंदाज आहे. पण घाट चढून आलेल्या पाहुण्यास खोली गार लागली नाही, तर तो ब्यूरोकडे तक्रार करीत नाही, खोली दाखवणाऱ्या पोऱ्याकडे करतो.

कचऱ्याची कथा अधिक बोधक आहे. ओला व सुका कचरा वेगळा करण्याचे बंधन २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी हॉटेलांवर घातले. या हॉटेलातही ट्रॉलीला निरनिराळ्या पिशव्या अडकवण्यात आल्या. प्रत्येक खोलीमागे दोन-तीन मिनिटे अधिक लागू लागली. दिवसाच्या पंधरा खोल्यांचा हिशेब करता हा अर्ध्या-पाऊण तासाचा ऐवज होतो. खोल्या मात्र पंधराच राहिल्या. परिणामी सुपरवायझर मजल्यावर असेपर्यंत पिशव्या वेगळ्या, तो खाली उतरला की सर्व एकत्र! पुढे एका व्यवस्थापकाने दोन गोष्टी केल्या. खोल्या पंधराच्या चौदा केल्या आणि बाटल्या, पुठ्ठे व रद्दी विकून भंगारवाल्याकडून येणारे पैसे कर्मचाऱ्यांच्या निधीत घालण्यास परवानगी दिली. रक्कम मोठी नव्हती. पण त्यातून एकाच्या मुलीची शाळेची फी भरली गेली, एकाला दवाखान्यासाठी उचल मिळाली. दीड वर्ष कचरा चोख वेगळा होत होता. मग व्यवस्थापक बदलला, भंगाराचे पैसे मुख्य हिशेबात गेले, खोल्या पुन्हा पंधरा झाल्या. भिंतीवरील तक्ता तसाच राहिला, नव्हे, तो नव्याने रंगवण्यात आला. तरी चार महिन्यांत पिशव्या एक झाल्या.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा, असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेत स्टारवूड या हॉटेलसमूहाने, रोजची सफाई नाकारणाऱ्या पाहुण्यास उपाहारगृहात वापरता येणारी सवलत देण्याची 'हरित' योजना काढली होती. पाणी आणि वीज वाचत होती हे खरे. पण सफाई करणाऱ्या स्त्रियांचे कामाचे तास घटले, आणि तीन-चार दिवस न आवरलेली खोली आवरण्याचे कष्ट वाढले. २०१६ मध्ये हा समूह मॅरियटकडे गेला आणि २०१८ च्या अखेरीस त्या कंपनीच्या हॉटेलांतील सात हजारांहून अधिक कामगारांनी आठ शहरांत जो संप केला, त्यात वेतन व कामाच्या शाश्वतीबरोबर या हरित योजनेची तक्रारही होती. या स्त्रिया पर्यावरणाच्या विरोधी होत्या काय? मुळीच नाही. पाहुण्याला सवलत आणि कंपनीला नफा देणाऱ्या हरितपणाची किंमत आपल्या पगारातून का वळती व्हावी, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

मग पैसा हेच एकमेव उत्तर समजावे काय? अर्थशास्त्राच्या अध्यापकाकडून 'होय' असे अपेक्षित असते, पण ते खरे नाही. इस्राएलमधील हैफा येथे दहांपैकी सहा पाळणाघरांत, मुलांना उशिरा नेणाऱ्या पालकांना दंड लावून पाहण्यात आला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला आणि दंड रद्द केल्यावरही तो पूर्ववत झाला नाही. गनीझी व रुस्तिचिनी यांनी हा प्रयोग २००० साली प्रसिद्ध केला. ज्या गोष्टीची आजवर भीड होती, तिला भाव मिळाला की भीड मरते. प्रत्येक वाचवलेल्या बादलीमागे चार आणे देऊ लागल्यास, चार आणे नकोत म्हणणाऱ्यास बादली सांडण्याची मोकळीक मिळेल.

आणि भीड असतेच. माझा हा विद्यार्थी जावळी खोऱ्यातला. महाबळेश्वरावर एका पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि त्याच डोंगराच्या कुशीतील वाड्यांवर उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. त्याची आई ती पायपीट करीत आली आहे. खोलीतला गळका नळ दिसला की तो, कोणी पाहो न पाहो, घट्ट करतो किंवा दुरुस्तीची चिठ्ठी लिहितो. त्याला पाण्याचे महत्त्व पटवणारे प्रशिक्षण देण्यासाठी मात्र हॉटेलने बाहेरून वक्ता बोलावला होता! अशा माणसाला विचारले असते, तर त्याने सांगितले असते. थायलंडमधील फुकेत येथील हॉटेल-कर्मचाऱ्यांविषयी २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्षही या दिशेचाच आहे: मनुष्यबळाच्या व्यवस्थापनातच पर्यावरणाचा विचार अंतर्भूत केला, तर संस्थेविषयीची बांधिलकी वाढते आणि पर्यावरणस्नेही वर्तनही वाढते.

पुण्यातील अर्ध्या पेल्याचे उदाहरण या संदर्भात आठवते. २०१८-१९ च्या पाणीटंचाईत तेथील अनेक उपाहारगृहांनी, त्यांच्या संघटनेच्या पुढाकाराने, गिऱ्हाइकापुढे अर्धाच पेला पाणी ठेवण्याचा प्रघात पाडला. एकट्या वेटरने आपल्या मनाने तसे केले असते, तर त्यास कंजूषपणा म्हणून शिव्या खाव्या लागल्या असत्या. सर्वत्र तसेच होऊ लागल्यावर त्याच्या पाठीशी रिवाज उभा राहिला. चांगले वागण्याची जोखीम त्याच्या एकट्याच्या शिरावरून उतरली.

गेल्या आठवड्यात त्या विद्यार्थ्याचा फोन आला होता. हॉटेलात पुन्हा नवे व्यवस्थापक आले आहेत आणि त्यांनी प्रथमच खोल्या आवरणाऱ्यांची बैठक घेतली. याने तेथे तीनच गोष्टी मागितल्या: खोल्या चौदा, भंगाराचे पैसे निधीत, आणि टांगलेला टॉवेल न बदलल्याबद्दल कोणासही बोल लावू नये. पहिल्या दोन गोष्टींवर साहेबांनी विचार करतो म्हणून सांगितले. तिसरी त्यांनी वहीत लिहून घेतली.