बाळाचे दुपटे कसे शिवावे

दुपटे तुम्ही सर्वांनी पाहिले असेल. पण ते शिवतात कसे, हे किती जणांना माहीत आहे? मलाही माहीत नव्हते.

आषाढात आत्याला मुलगी झाली. आमच्या घरातल्या प्रत्येक बाळाचे दुपटे आजीने शिवले आहे. माझे पण. यंदा मात्र आजीच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. डॉक्टरांनी तिला वाकायला बंदी केली होती. आई आणि काकू दिवसभर भातलावणीला. मग आजी मला म्हणाली, "हात तुझं, सांगणं माझं. बाराव्या दिवशी बारसं हाय, बग."

दुपट्याला नवे कापड घेऊ नये. नव्या कापडाला खळ असते, ते बाळाला टोचते. जुने कापड धुऊन धुऊन मऊ झालेले असते. आम्ही आजीचे जुने लुगडे घेतले. लुगडे नऊ वार असते. एक वार म्हणजे ३ फूट. दुपटे दोन हात लांब, दोन हात रुंद केले की बरोबर एक वार होते. वरचा आणि खालचा थर लुगड्याचा. मधला थर आजोबांच्या धोतराचा. आजोबा आता नाहीत. धोतर आजीने पेटीत ठेवले होते. ते कापताना आजी काहीच बोलली नाही.

गोधडीला जास्त थर घालतात. दुपट्याला तीनच पुरे. आमच्याकडे पावसाळ्यात राजगडसुद्धा ढगात दिसेनासा होतो, मग जाड कापड वाळणार कधी? आणि थरांच्या मध्ये हवा अडकते, ती ऊब बाहेर जाऊ देत नाही, असे गुरुजींनी सांगितले. बंगालमध्येही जुन्या साड्यांची अशी पांघरुणे शिवतात. त्यांना तिकडे कांथा म्हणतात.

आता शिवण. तिन्ही थर जमिनीवर सारखे पसरावेत. हाताने सुरकुत्या काढाव्यात. मग लांब लांब कच्चे टाके घालावेत, म्हणजे थर सरकत नाहीत. कडा एक बोट आत दुमडावी. नंतर कडेपासून धावदोरा घालत घालत आत यावे. टाका तांदळाच्या दाण्याएवढा हवा. मोठा झाला तर बाळाच्या पायाचे बोट त्यात अडकते. गाठ दोन थरांच्या मध्ये लपवावी. दोरा ओढू नये, चुण्या पडतात. माझ्या पहिल्या दोन ओळींना इतक्या चुण्या पडल्या की आजीने नुसता हात फिरवून ओळखले आणि उसवायला लावले. एकदा तर मी दुपटे माझ्या शर्टालाच शिवून टाकले. उठलो तर दुपटे बरोबर!

वर्गातली पोरं मला हसली. म्हणाली, हे पोरींचं काम. मी म्हटलं, संत नामदेव शिंप्याच्या घरातलेच होते की! मग गप्प बसली.

आजीचा एक नियम आहे. बसताना सुया मोजायच्या, उठताना परत मोजायच्या. नवव्या दिवशी तीनच्या दोन भरल्या. ओटा झाडला, पोतं झटकलं, कंदील घेऊन उंबरा बघितला. सुई नाही. आजी म्हणाली, "दुपट्यातच आसंल. सगळं उसव. लेकराच्या अंगाखाली सुई नको." मला रडूच आलं. आठ दिवसांचे टाके! रात्री झोप आली नाही.

सकाळी शाळेत गुरुजींना सांगितले. त्यांनी विज्ञानाच्या पेटीतला नालासारखा चुंबक दिला. घरी येऊन मी तो दुपट्यावरून हळूहळू फिरवला. एका कोपऱ्यापाशी कापड टुणकन चुंबकाला चिकटले! दोऱ्यातून निसटलेली सुई कडेतून आत थरांमध्ये गेली होती. चारच बोटे उसवावे लागले. तरी आजीने मला सबंध दुपट्यावरून चुंबक आणखी दोनदा फिरवायला लावला.

बारशाच्या आदल्या रात्री शेवटची गाठ मारली. आजीने बोटांनी चारी कडा चाचपल्या आणि म्हणाली, "वाकडं हाय, पण घट्ट हाय."

बारशाला आत्याने बाळाला त्याच दुपट्यात गुंडाळले. पाचच मिनिटांत बाळाने ते ओले केले. धुतल्यावर दोन टाके सुटले. ते मी परत घातले आणि सुया मोजल्या. तीन होत्या.

– इयत्ता चौथी, गुंजवणे